प्रणाली आणि एमसी पऱ्हाटीचा दुसरा अल्बम

अमरावती, रविवार

ती. शकुनआत्याबाई यांस,

नितेशचा साष्टांग नमस्कार. तुमची, घरच्यांची आणि नव्या कुलरची प्रकृती उत्तम असेल. इकडे सर्व ठीक. (फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि अर्धं अकोला ऐकतं.) तुम्ही सुचवलेली मुलगी काल तुमच्या अकोल्यात पाहून आलो. बाबा त्यांच्या पद्धतीनं सांगतीलच, म्हणून झालं ते मीच आधी कळवतो.

चहा-पोहे व्यवस्थित झाले. मग मोठ्यांनी आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. प्रणालीनं विचारलं, सुट्टीत काय करता. नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत आठवडाभर मागांचा खडखडाट ऐकणारा माणूस सुट्टीत शांत पडत असेल असं कोणालाही वाटावं. मी मात्र खरं सांगितलं, की रॅप ऐकतो, आणि आपल्या अंजनगाव सुर्जीच्या एमसी पऱ्हाटीचा नवा अल्बम ‘टोलनाका’ ऐकून फार निराश झालोय. तिथंच थांबायला हवं होतं. पण मी पुढं म्हणालो, की पहिल्या ‘धुऱ्यावर’ अल्बममध्ये हा गडी ‘मले’ म्हणायचा, आता नाव झाल्यावर ‘मला’ म्हणतो; पुण्याले विकला गेला.

“तिसरं गाणं पुरं आयकलं काय तुमी?” तिनं विचारलं.

“आयकलं ना.”

“मंग त्यात ‘मला’ तो कोणाले म्हणते? बँकेतल्या सायबाले. घरी मायजवळ बसला का ‘मले’च म्हणते. तेच तर गाणं हाये.”

मी म्हणालो, तरी पहिल्या अल्बमची रग यात नाही. ती म्हणाली, पहिल्यात नुसती जीप आणि पिस्तूल; त्याच्याजवळ पिस्तूल कुठून आलं, फवारणीचा पंप असन. मी सांगितलं, बढाई मारणं ही हिपहॉपची रीतच आहे. त्यावर ती म्हणाली, बढाई आयकाले आमच्या घरी काका हायेत. (काका खालीच बसले होते आणि त्यांना ऐकू गेलं.) आवाज चढले. बाबा जिना चढून आले, त्यांनी नेमका ‘पिस्तूल’ हा शब्द ऐकला, आणि कोणाचं म्हणून विचारलं. आम्ही दोघांनी मिळून समजावलं, त्यानं गोंधळ वाढलाच.

परतताना मूर्तिजापूर आलं. तसे बाबा म्हणाले, “पयल्याच भेटीत इतकी भांडते, जमत नाही.” मीही रागातच होतो. तेव्हा तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. विषय संपला.

तुमचा,
नितेश

ता.क. आज तिसरं गाणं पुन्हा नीट ऐकलं. तिचंच बरोबर आहे. तसं तिला कळवलं. (निघताना तिनं गाणी पाठवायला म्हणून नंबर घेतला होता.) ‘धुऱ्यावर’मधलं शेवटचं गाणं चांगलं आहे, एवढं तिनंही मान्य केलं.

आणखी ता.क. बाबा तुमच्यामार्फत त्यांना नकार कळवणार आहेत. तो निरोप तिकडे देऊ नका. शनिवारी पऱ्हाटीचा अकोल्यात कार्यक्रम आहे आणि तिनं माझाही पास काढलाय. मुक्कामाला तुमच्याकडे येतो. तुम्हाला दवाखान्यात न्यायचं आहे असं मी बाबांना सांगून ठेवलंय. काय दुखतं ते तुमच्या सोयीनं ठरवा. फक्त मला आधी कळवा, म्हणजे दोघांचं उत्तर एकच येईल.