इस्त्रीच्या टेबलावरची गौर

शनिवार, ७ एप्रिल २००७. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.
सेंट ऑगस्टीन, फ्लोरिडा. हॉटेल, प्रतिमाची खोली.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. उद्या कोणी म्हणायला नको, "काकू, तुमचा काहीतरी गैरसमज झाला."

दार मी ढकललं. आत आमच्या मंडळाच्या सहलीतल्या अकराच्या अकरा बायका! हॉटेलचं इस्त्रीचं टेबल उघडून त्यावर कोणाची तरी पैठणी. वर गौर. पुढे भिजवलेले हरभरे, कोरलेलं कलिंगड, आणि न्यूजर्सीहून विमानातून आणलेल्या कैऱ्यांची डाळ. चैत्रातलं हळदीकुंकू — यथासांग. बारावी बाई, म्हणजे मी, पुरुषांबरोबर किल्ल्यावर. "काकू, तुम्हाला इतिहासाची आवड. तुम्ही जा ना. आम्ही बायका जरा पडतो." — इति प्रतिमा, मंडळाची नवी अध्यक्ष, दुपारी दोन वाजता.

मला बघून तिनं कुंकवाचा करंडा पाठीमागे लपवला. वर्गात चिंच खाताना पकडलेल्या मुलीसारखा. कोणीतरी प्लॅस्टिकच्या पेल्यात पन्हं पुढे केलं. कुंकू कोणी पुढे केलं नाही.

चाळीस चाळीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या बायका. दोन डॉक्टर, एक प्रोफेसर. आणि विधवेची सावली नको!

विधवा? नरेंद्र जिवंत आहे.

रविवार, ८ एप्रिल, सकाळी

वीणा माझी पस्तीस वर्षांची मैत्रीण, शिवाय इथे खोलीतली जोडीदारीण. दात घासता घासता म्हणाली, "अगं, तुला हळदीकुंकू आवडतं तरी का? जन्मभर थट्टा करत आलीस."

करत आलेच! कॉन्व्हेंटात वाढलेली मी. आमच्या गावच्या, वेस्ट विंडसरमधल्या प्रत्येक हळदीकुंकवाला मी स्टीलच्या वाट्यांची देवघेव म्हणते. पण मी न जाणं वेगळं आणि मला न बोलावणं वेगळं!

"बाकीच्या तिकडच्या, एडिसन गावच्या. त्यांनी नरेंद्रला कधी पाहिलेलं नाही. तुला तर माहीत आहे ना? तू का नाही बोललीस?"

"अगं, पण तू स्वतःच ना—"

"माझ्यावर ढकलू नकोस!"

तिनं ब्रश परत तोंडात घातला.

तोच दिवस, विमानतळावर

आज ईस्टर. शहराचा निरोप घेतला एकदाचा. चार दिवस नुसतं "सर्वांत जुनं"! सर्वांत जुनं घर, सर्वांत जुनी शाळा, सर्वांत जुनं दुकान — त्यात मिळतात चिनी बनावटीच्या तलवारी. स्पॅनिश लोक १५६५ साली आले म्हणे. आमच्या नाशकात एवढ्या वयाच्या भिंतींना लोक सायकली टेकवतात.

मग तारुण्याचा झरा. म्हणजे कागदी पेल्यात गंधकाचा वास मारणारं पाणी. मनोहर — वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले — तीन पेले प्यायले आणि बायकोकडे बघून भुवया उडवल्या. ती म्हणाली, "पुरे, फ्लाइटमध्ये बाथरूमला पळाल." पेले वाटत होती प्रतिमा. मलाही दिला. "घ्या ना काकू!" मला तारुण्य द्यायला हरकत नाही. कुंकू नाही!

किल्ला मात्र चांगला. शिंपल्यांच्या दगडाचा. पूर्ण बघून झाला नाही. मीच कंटाळून लवकर परतले, ही माझी चूक.

सोमवार, ९ एप्रिल

सावनीचा फोन. सगळं सांगितलं. लेकीचं उत्तर: "मॉम, यू हेट हळदीकुंकू! लेट इट गो." मी फोन ठेवला.

बुधवार, ११ एप्रिल

नरेंद्रकडे गेले. विसरभोळ्या लोकांसाठीचं हे घर स्वच्छ आहे, उजेड भरपूर, कुठेही दोष काढता येत नाही. त्याचाच राग येतो.

आज दाढी नीट केलेली. निळा स्वेटर. मला बघून उठला, खुर्ची ओढून दिली.

"बसा ना. तुमचे मिस्टर काय करतात?"

"केमिस्ट आहेत."

"अरे वा! एकदा घेऊन या त्यांना."

"आणीन," म्हटलं.

चव्वेचाळीस वर्षांचा संसार. ज्यानं मला भर मंडईत "ए सुमे" म्हणून हाका मारल्या, तो आता "अहो" म्हणतो. जेवणाची घंटा झाली तेव्हा हात जोडून म्हणाला, "येत जा."

येताना एक्झिट चुकले.

गुरुवार, १२ एप्रिल

प्रतिमाला पत्र टाकलं. ईमेल नाही. कागदावर, सहीनिशी.

"माझे पती डॉ. नरेंद्र हयात आहेत. ७ तारखेला चार वाजून दहा मिनिटांनी तुम्ही त्यांना परस्पर मारलंत. कोणत्या आधारावर, ते कळवावं. गोड बोलू नये, फोन करू नये."

पेटीत टाकल्यावर बरं वाटलं. संध्याकाळी आरशासमोर उभी राहून मोठी टिकली लावली. आमच्या आईची असायची तेवढी. पोस्टाच्या शिक्क्यासारखी दिसत होती. काढली. परत लावली.

सोमवार, १६ एप्रिल

उत्तर नाही. कालपासून वादळ. आमच्या तळघरात पाणी शिरलं. अध्यक्षांच्याही शिरलं असेल अशी आशा.

शुक्रवार, २० एप्रिल

प्रतिमाचं पाकीट आलं. "काकू, मनापासून माफी मागते. तुमच्या घरचं मला काहीच माहीत नव्हतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून लपवलं, तेच चुकलं. तुमच्या फॉर्मबद्दल वीणाकाकू एवढंच म्हणाल्या, ‘तिनं लिहिलंय तसं असू दे.’ आधार विचारलात म्हणून सोबत प्रत जोडते."

माझा सहलीचा फॉर्म. जानेवारीतला. अक्षर माझं. मॅरिड, सिंगल, विडोड. शेवटच्या चौकोनात काळ्या शाईची खूण. घाईची नाही. दोनदा गिरवलेली.

सुमित्रा, का? रविवारी सकाळी अकरा वाजता नरेंद्रला भेटायचं आहे. त्याआधी लेखी उत्तर हवं. इथे, या पानावर.