संत निकोलाची सुट्टी

१२ डिसेंबर
नाही म्हणाला! एकोणीसला घरच्या संताचा सण, त्या एका दिवसाची सुट्टी मागितली, तर कारखान्याचा ब्रांट साहेब म्हणतो, "व्हेरित्सा, एकोणीसला माल जायलाच हवा. जी येणार नाही तिचं कंत्राट संपलं."
अरे, संत निकोला निम्म्या गावाचा घरचा संत, आणि उरलेलं निम्मं गाव त्यांच्याकडे जेवायला! कायद्यात ही सुट्टी आहे. पण आमच्या या करमाफीच्या कारखाना-झोनच्या कुंपणापाशी कायदाही पास दाखवून आत येतो बहुतेक. आम्ही बनवतो त्या गाड्यांच्या वायरी एक दिवस उशिरा गेल्या तर काय आभाळ कोसळणार आहे?

१३ डिसेंबर
नवराही साहेबाच्याच बाजूने. "जुना कारखाना बंद पडला तेव्हाचे हाल विसरलीस? झोन आला म्हणून चूल पेटते. देश पुढे चाललाय आणि तू संत घेऊन बस."
म्हटलं, "ल्युबिशा, हा संत तुझ्या बापाकडून तुला आलाय, माझ्या माहेरचा नाही."
नोकरी गेली तर घरात दुसरी कमाई नाही. भीती वाटतेच. तरी जाणार नाही.

१८ डिसेंबर
साहेबाने पुन्हा विचारलं. नाही म्हटलं. मग लाइनवरच्या सगळ्याच बायका नाही म्हणाल्या. घरी येऊन उद्याच्या सणाचे मासे साफ केले.

१९ डिसेंबर
या दिवशी आम्ही कुणाला बोलवत नाही. दार उघडं, येईल तो पाहुणा. संध्याकाळी दारात कोण, तर ब्रांट! कारखाना ओस, एकटा कंटाळला म्हणे. ल्युबिशाला घाम फुटला. पण आलेल्याला परत कसं पाठवायचं? पाहुण्याला आधी देतात तो गोड गव्हाचा चमचा मी पुढे केला.
मासे तीनदा वाढून घेतले. घरची रकिया दारू चढल्यावर हळूच म्हणाला, "ही ऑर्डर शेवटची. इथली करमाफी संपली, दुसऱ्या देशात नवीन मिळाली. उद्यापासून यंत्रं हलवणार. कुणाला सांगू नकोस."
माझ्याच टेबलावर बसून! जमीन फुकट, रस्ता फुकट, कर माफ, निम्म्या यंत्रांना सरकारचा पैसा. म्हणजे आमचाच. आणि यांना आम्हाला एक दिवस सुट्टी देववत नाही.
तो गेल्यावर खूप रडले. ल्युबिशा रात्रभर चुलीपाशी बसून राहिला.

२० डिसेंबर
सगळ्यांना सांगितलं. हे गेटवर लिहितेय. यंत्रं न्यायला आलेले ट्रक आत उभे आहेत, आम्ही वाट अडवून रस्त्यावर बसलोय. सगळ्यात पुढे ल्युबिशा.