एकाला एकच

९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

तुझा पत्ता ताईकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिचा पिच्छाच पुरवला होता. इथे यंदा हाडं गोठवणारी थंडी आहे. सकाळी नळाला पाणी येत नाही. माझे गुडघे कुरकुर करतात, पण चालतंय.

तुझे बाबा निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं रोज सकाळी बेघरांच्या निवाऱ्यात जायचो. जुन्या गोदामात काही मंडळी मिळून तो चालवतात. मी सूप वाढायची. हे दाराशी उभे राहून रांग लावायचे, ब्लँकेटं वाटायचे. लोक म्हणायचे, काय देवमाणूस आहे. मीही मान डोलवायची.

तिथे एक म्हातारे यायचे. फळ्यावरच्या आमच्या शुद्धलेखनाच्या चुका बोटाने पुसून दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मागच्या महिन्यात एका मंगळवारी त्यांनी दुसरं ब्लँकेट मागितलं. पुलाखाली त्यांच्या शेजारी राहणाऱ्या बाईला ताप होता, तिला उठवत नव्हतं.

"एकाला एकच," हे म्हणाले.

"माझं तिला दिलं. आता माझं द्या की," मास्तर म्हणाले. रांगेतले दोघंतिघं हसले.

ते हसणं यांना झोंबलं. शटर ओढायचा लोखंडी दांडा भिंतीला टेकवलेला होता. पहिला फटका गुडघ्यावर. मास्तर खाली बसले तसा दुसरा तोंडावर. दात फरशीवर पडले. त्यांनी हात आडवा घातला, तो मोडला, त्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. मग डोक्यात दोनदा. रक्तातून वाफ निघत होती. चाळीस माणसं उभी होती, कोणी हललं नाही. शेवटी पाव घेऊन येणाऱ्या बेकरीवाल्याने यांना मागून कवेत धरलं.

आणि मी काय केलं? फडकं ओलं केलं आणि फरशी पुसायला बसले. माणूस शेजारी घरघरत होता आणि मी फरशी पुसत होते. सवयीचे हात, ते आपले चालत राहिले.

हवालदार आला तोवर यांनी दांडा जागेवर ठेवून हात धुतले होते. "फरशी निसरडी होती, पडला बिचारा," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "सांग ना गं साहेबांना."

धाकट्या, असं मला याआधीही एकदा सांगायला लावलं होतं. तू नऊ वर्षांचा होतास. डॉक्टरांनी तुझ्या हाताचं विचारलं आणि मी म्हणाले, जिन्यावरून पडला. तू रडायचा थांबलास आणि माझ्याकडे बघत राहिलास.

या वेळी मी म्हणाले, "पडले नाहीत. यांनी मारलं." आवाज इतका बारीक निघाला की हवालदाराने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा यांनी त्याच्यादेखत माझे केस धरून कपाळ टेबलावर आपटलं. सहा टाके पडले. बरंच झालं, हवालदाराला मग माझ्या शब्दावर विसंबावं लागलं नाही.

ब्लँकेट बेकरीवाला पुलाखाली देऊन आला. बाई वाचली. मास्तरांचा एक डोळा गेला. बोलतात, पण शब्द चुकतात. हे कोठडीत आहेत. तुझा काका रोज येऊन बसतो. "जबाब बदला, वहिनी. या वयात घराची अब्रू वेशीवर टांगू नका." मी त्याला चहा देते आणि नाही म्हणते.

जबाबात मी तुझ्या हाताचंही सांगितलं, तुला न विचारता. कदाचित तुझ्याकडे चौकशीला येतील. बोलायचं की नाही ते तू ठरव. पण बोललास तर माझंही सांग. आई स्वयंपाकघरात होती, तिला उशिरा कळलं, असं तू इतकी वर्षं धरून चालला असशील. दार उघडं होतं, बाळा. मी पहिल्या फटक्यापासून तिथे उभी होते.

माफी मागत नाही. ती द्यायचं ओझं तुझ्यावर कशाला?

तेव्हा गप्प राहिलेली,
आई