श्वास कुठे तुटतो

४ नोव्हेंबर १९९१, कार्डिफ
टक्-टक्, टक्-टक् — गुरुजींची छडी टेबलावर, आणि सगळा वर्ग एका सुरात शार्दूलविक्रीडित म्हणतोय! "बाराव्या अक्षरावर श्वास घ्यायचा, लेको. त्याआधी नाही!" शाळेतलं हे सगळं आज दवाखान्यात बसल्या बसल्या कानात ऐकू आलं.

डॉ. प्रोबर्ट माझ्या छातीला नळी लावायचे नि म्हणायचे, "एक श्लोक होऊन जाऊ दे, मिस्टर दामले." त्या वेल्श माणसाला मराठीचं अक्षर कळत नसे. पण श्वास कुठे तुटला ते बरोबर कळे. "आज लवकर थांबलात. जिना चढवत नाही ना?" — नव्हताच चढवत!

आज काउंटरवरची बाई म्हणाली, "डॉ. प्रोबर्ट? ते सोडून गेले."

गेले? इतकी वर्षं या फुप्फुसांची कुरकुर ऐकली आणि जाताना मला एक शब्द नाही?

१९ नोव्हेंबर
नवा डॉक्टर. तरुण, हुशार, नम्रसुद्धा. यंत्रात फुंकायला लावलं, आकडा लिहिला, नवा इनहेलर दिला. "श्लोक म्हणू का?" मी विचारलं. "सॉरी?" म्हणाला.
काही नाही म्हटलं.

२ डिसेंबर
इनहेलर लागू पडलाय. झोप लागते. मग हे आत काय तुटतंय?

यशोधनशी फोनवर बोललो. मुलगा स्वतः हॉस्पिटलात डॉक्टर! "बाबा, तुमची ट्रीटमेंट आता कितीतरी बेटर आहे. रीडिंग्ज बघा ना!"
"रीडिंग बरं आहे रे. मी कसा आहे ते कुणी विचारलं?"
"झालं! आता कविता सुरू होणार." हसला. मला हसू आलं नाही.

९ डिसेंबर
हेल्थ अथॉरिटीची बाई घरी आली होती, पेशंटांचं मत विचारत. फार ताटकळावं लागतं का? खुर्च्या स्वच्छ असतात का? एकंदरीत समाधानी?
"व्हेरी," म्हणालो. चहाही पाजला. आपल्या लोकांना दुसरं म्हणता येतं कुठे!
ती गेल्यावर रडलो.

१० डिसेंबर
अंघोळीत श्लोक म्हणून पाहिला. ऐकणारं कुणी नसलं की अर्ध्यावरच सोडावासा वाटतो.

१५ डिसेंबर, रविवार
बेल वाजली. दारात डॉ. प्रोबर्ट! ओव्हरकोट अंगावर लोंबतोय. फाटकापासून दारापर्यंत आले, तेवढ्यानंच धाप लागलेली. चौकट धरून उभे.
"छातीचे फोटो काढले... सगळे तेच बघतात, मिस्टर दामले... माझ्याकडे... कुणी नाही."
एवढंसं वाक्य. चार श्वास लागले.