कमरेएवढ्या पाण्यात हे

निवृत्तीची भेट म्हणून लोक घड्याळ देतात, छत्री देतात. तू यांना मासे धरायची काठी दिलीस. तिच्यापायी काल मी विधवा होता होता वाचले. तेव्हा आधी तुझा कान पिळते, मग आशीर्वाद.

धाकट्या, पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? माझे गुडघे आहेत तिथेच आहेत. आता ऐक.

तुझी काठी आल्यापासून हे रोज सकाळी तळ्यावर. घरात साखरेच्या डब्याशेजारी आमिषाची रबरी गांडुळं (एकदा चमच्यात आलं, ते जाऊ दे). काल दुपारी होडीवाला दारात आला, मान खाली घालून. म्हणाला, "आजी, होडी वाऱ्याने आपली आपण परत आली. आजोबा नाहीत त्यात." होडीत यांच्या चपला, चष्मा आणि जेवणाचा डबा. मी आधी डबा उघडला. चाटूनपुसून रिकामा. म्हटलं, जीव द्यायला गेलेला माणूस दोडक्याची भाजी संपवत नाही. पण यांना पोहता कुठे येतं? डबा तसाच उघडा टाकला.

त्याच होडीत जाऊन बसले. (होडीवाला नको नको करत होता. म्हटलं, नवरा माझा हरवलाय, तुझा नाही, वल्हव.) पलीकडच्या काठाला, गवतात, हे कमरेएवढ्या पाण्यात उभे! ओठ निळे, काठी दोन्ही हातांनी धरलेली. मासा बुडलेल्या ओंडक्याखाली शिरला, दोरी अडकली, ती सोडवायला साहेब खाली उतरले. उतरताना होडी बांधायची असते, हे डोक्यातच आलं नाही. ती निघून गेली आणि हे तीन तास तिथेच, कारण काठी सोडली तर मासा जाईल. काठ दहा पावलांवर! मी तोंड उघडायच्या आत म्हणतात, "हळू बोल, तो बिथरेल." माझ्यासाठी चाळीस वर्षांत कधी दहा मिनिटं उभे राहिले नाहीत. रडू आलं होतं, ते गिळलं आणि म्हटलं, "आधी वर या, मग दोघांनाही बिथरवते."

मासा निघाला. बास म्हणतात त्या जातीला. अंग हातभर, तोंड थेट आपल्या आत्याचं. काठावर मासेमारी क्लबच्या काट्यावर वजन झालं, साडेतीन किलो. क्लबच्या वहीत यांचं नाव लागलं, जमलेल्यांच्या टाळ्या पडल्या. मी मनात तवा तापत ठेवला, तर यांनी तो उचलून परत पाण्यात सोडला! इथला नियमच तसा आहे म्हणे. माशाने वळूनसुद्धा पाहिलं नाही. घरी आणून यांचे पाय गरम पाण्यात बुडवले, दोन ब्लँकेटं घातली. मग यांनी घर हलवणारी शिंक दिली, तेव्हा मला केवढं बरं वाटलं ते तुला सांगणार नाही.

काठी आज मोडून टाकते.

तुझी ताई

ता.क. काठी मोडलेली नाही. पाण्यात तरंगायची जाकिटं मिळतात ना, ती दोन पाठव. एक यांच्या मापाचं, एक माझ्या. होडी बांधायला कुणीतरी नको का?

आणखी ता.क. यांना होडीत ओढून घेताना काठी माझ्या हातात होती, आणि मासा आला तो तेव्हाच. वहीत नाव यांचं आहे, ते तसंच राहू दे. (मनगटात तो हिसका अजून आहे. भलताच हिसका.) उत्तर तुझ्या बायकोने लिहायचं आणि मापही तिनेच विचारायचं, तू पेनाला हात लावायचा नाहीस, नुसती माझी थट्टा करशील.