सतरा नंबरचा सांधा

बारिलोचे,
१० सप्टेंबर १९८८

चि. नेलिदा हिस बाबांचे अ. उ. आ.

तुझं अल्जिएर्सचं पत्र आईनं चुलीपाशी दोनदा वाचायला लावलं. तुम्ही कामावर येर्बाच्या कडू चहाचा एकच तुंबा सगळ्यांत फिरवता आणि तो तुमचा तिथला जोडीदार कामगार मुलूद परत देताना दरवेळी आभार मानतो, म्हणून महिनाभर त्याला दुसरा घोटच मिळाला नाही, यावर ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. अगं, आपल्यात आभार म्हणजे पुरे, हे त्या बिचाऱ्याला सांगायचं नाही का!

मला मात्र हसू आलं नाही. तुमच्या अणुभट्टीच्या टाकीच्या तळाचा सांधा, त्यावरचा वेल्डरचा शिक्का सतरा, माझा. त्या दिवशी राजधानीतून पाहुणे यायचे होते, घाई होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, नोकरीच्या भीतीनं लपवलेला. सांध्याचा एक्स-रे राहिला आणि मी झाला म्हणून सही ठोकली.

कारखान्याची रीत तुला ठाऊक आहे. पहिलं पाणी भरताना ज्याचा शिक्का, तो टाकीखाली उभा. गुडघ्यांचं निमित्त सांगून मी तिकडे येणं टाळलं. काल कळलं, तू तिथं कामावर आहेसच, म्हणून साहेबांनी माझ्या जागी तुझं नाव घातलंय. पोरी, आजारी पड, काहीही कर, पण तिथं उभी राहू नकोस. आणि बोलू नकोस कुणाला. बडी राष्ट्रं टपलीच आहेत. आपला नि त्यांचा, असे दोन उघडेवाघडे देश मिळून अणुभट्टी बांधतात म्हणजे एक तर बॉम्ब, नाहीतर भंगार, असंच म्हणतात ती.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बाबा, फर्मिन

अल्जिएर्स,
३ ऑक्टोबर १९८८

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस घास उतरेना. मुलूदनं विचारलं, बहिणी, घरी सगळं ठीक ना? ताप आहे म्हटलं, तुम्ही शिकवलेलं. तर म्हणतो कसा, मग तू झोप, टाकीखाली मी उभा राहतो. त्याला तीन मुली आहेत, बाबा.

मग सगळं सांगून टाकलं. तो ओरडला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. एवढंच म्हणाला की श्रीमंतांनी दारातून हाकललं, म्हणून आम्ही आमच्यासारख्या तेलकट हातांच्या माणसांकडे आलो. तुंब्याची रीत त्याला आता कळलीये, पण त्या दिवसापासून तो आमच्यात बसलेला नाही.

एक्स-रे काढला. उडदाच्या दाण्याएवढी पोकळी आहे. इथल्या साहेबांनी खोटी सही कुणाची ते विचारलं, मी तुमचं नाव माझ्या हातानं लिहून दिलं. करार राहतो की मोडतो, देव जाणे.

रागवा, पण पत्रं बंद करू नका.
नेलिदा

बारिलोचे,
२८ ऑक्टोबर १९८८

चि. नेलिदा हिस अ. उ. आ.

रागावलो नाही. साहेबांनी माझा शिक्का काढून घेतला. तो चाचपायला खिशात हात घालायची सवय तेवढी जात नाही. सांधा नव्यानं करून द्या, मग बघू, असा तिकडून निरोप आलाय. पण रेडिओवर तुमच्या शहरातल्या गोळीबाराचं ऐकून कारखान्यातलं एकही पोर तिकडे जायला तयार होईना. शेवटी माझा चेला ओरेयाना तयार झाला. मीही येतो म्हटलं. साहेब हसले, आंधळा तिथं काय करणार म्हणाले. मी म्हटलं, उभं राहायला डोळे लागत नाहीत.

आज आईनं माझा लोकरी सदरा बॅगेत ठेवला.

भीती वाटते. गोळ्यांची वाटते, पाण्याची वाटते, आणि सगळ्यांत जास्त मुलूदच्या तोंडाकडे बघायची. पाणी भरून झालं की पहिला तुंबा त्याच्या हातात देईन. परत देताना त्यानं आभार मानले, तर समजेन, पुरे; नाही मानले, तर दुसरा भरेन.

भेटीपर्यंत जपून राहा.
बाबा