मागची भिंत

४ नोव्हेंबर, सोमवार

पत्रे चढले! शेडला आज छप्पर झालं. आणि ज्याची शेड, तो दादा घरात पलंगावर.

शिवाजी पेठेतल्या बोळात आम्ही दोघा भावांनी जुन्या मशिनांचा धंदा केला. बंद पडलेल्या कारखान्यातलं लेथ, ड्रिल, काय असेल ते उचलायचं, नीट करायचं, विकायचं. टेम्पो दारात लागला की अख्खा बोळ शिव्या घालणार. शिरोली एमआयडीसीत स्वतःची शेड बांधायची हे दादाचंच वेड. आणि खंडेनवमीला मशिनांना हळदकुंकू लावता लावता तो खाली बसला, तो उठलाच नाही. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

दादाची वाचा म्हणजे आमचा धंदा. लिलावात तो बोलणार, मी मागं टेप धरून उभा. "रताळ्या, माप घे!" पन्नाशी आली तरी चारचौघांत मी रताळ्याच. तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा.

गुंडू गवंडी विचारत होता, "मागची बाजू उघडीच हाय की, मालक. पुढं काय?" मला काय माहीत! नकाशा सगळा दादाच्या डोक्यात. मागं गवतात दोन अवाढव्य लोखंडी पल्ले पडलेत, ते कशाला आणलेत तेही त्यालाच ठाऊक.

९ नोव्हेंबर, शनिवार

शेडमधून तांब्याची केबल गेली. मागनं आले, मागनं गेले. वॉचमन वर मलाच म्हणतो, "भिंतच न्हाय तर मी कुणाला आडवू?"

गुंडूला सांगितलं, बांधून टाक. तो डोकं खाजवत उभा. "पर थोरलं मालक म्हणलं हुतं, माझ्याबिगर मागं हात लावू नगंस." का, ते त्यालाही माहीत नाही. "मग थोरले मालक बोलतील तेव्हा बांधणार काय रे?" असा ओरडलो त्याच्यावर! बायका घमेली टाकून बघायला लागल्या. घरी आलो तरी कानात माझाच आवाज.

१३ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर म्हणाले, वाट बघा. दुसरं करतोय काय!

१८ नोव्हेंबर, सोमवार

वास्तुशांत झाली. भिंत उभी राहिली, गिलावाही झाला. होमाला दादा-वहिनी बसायची ठरली होती, आम्ही बसलो. भटजींनी यजमानाचं नाव विचारलं, मी सांगितलं — जोतीराम, दादाचं. स्नेहलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कोपरानं ढोसलं. मग विश्वजित सांगितलं. आपलं नाव चोरीचं वाटावं, असं कधी झालं नव्हतं.

पावणं-रावळं जेवली. "झकास शेड बांधलीसा!" म्हणाली. मी ताट सारून वाढायला उठलो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बोलायला शिकवायला अवंतिका मॅडम येतात. गुणी पोरगी. चित्रं दाखवते. "काका, हे काय? के... केळं." दादानं तोंड भिंतीकडं फिरवलं. ज्या माणसानं नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं, त्याला केळं!

जाताना मॅडम हळूच म्हणाल्या, "त्यांना मनापासून आवडतं असं काहीतरी दाखवा. ते प्रयत्नच करत नाहीयेत."

खरं आहे. त्यानं सोडून दिलंय. आणि त्यानं सोडलं तर मी काय धरून ठेवू?

३० नोव्हेंबर, शनिवार

मेलो.

बिद्रीचा सम्राट म्हणून एक तरुण आला. वर्कशॉप टाकतोय. आमचं मोठं प्लॅनर मशीन बघितलं, चालवून बघितलं, खूष झाला. नव्या शेडचं पहिलं गिऱ्हाईक! पेढे आणायला माणूस धाडणार, एवढ्यात तो इकडं तिकडं बघत म्हणाला, "काका, मशीन पसंत हाय. पर बाहीर काढणार कुठनं?"

पुढच्या शटरसमोर विजेची डीपी. ट्रेलर वळत नाही, क्रेन आत येत नाही. प्लॅनर आत आलं तेव्हा मागची बाजू उघडी होती, क्रेन थेट घुसली होती. आता तिथं भिंत. खोलून न्यायचं म्हटलं तर सम्राट तयार नाही. "एकदा खोललं की पयल्यासारखं बसत न्हाय, काका." त्याचं बरोबर आहे.

तो गेल्यावर गवतातले पल्ले बघायला गेलो. वरच्या कडेला रोलर. पलीकडं गवतात रूळ. सरकतं गेट! दादानं कुठल्यातरी बंद गोदामाचं गेट आणून ठेवलं होतं, मागच्या उघड्या बाजूला बसवायला. ट्रेलर सरळ आत येईल, सरळ बाहेर जाईल. आणि मी तिथं भिंत घातली. विकणाऱ्या माणसानं माल आत कोंडून घेतला! कोल्हापुरात कुणाला कळलं तर वर्षभर हसतील.

१ डिसेंबर, रविवार

भिंत पाडतो म्हणालो. स्नेहल भडकली. "अहो, वास्तुशांत झालेली भिंत पाडायची? घरात माणूस आसा पडलाय आन् तुमी घण घालणार? त्यास्नी काय झालं म्हणजे?"

काही झालं तर जन्मभर ती भिंत माझ्या डोक्यात पडत राहील.

४ डिसेंबर, बुधवार

सम्राटचा फोन. "शनिवारपर्यंत थांबतो काका, न्हायतर दुसरीकडं बघतो." गोड बोलला, म्हणून जास्त लागलं.

शेडमध्ये एकटाच बसून होतो. सगळं आहे — छप्पर, लाईट, पाणी. मला त्यातलं काहीच नको वाटतं. मी मागं उभा राहणारा माणूस. पुढं कुणी नसलं तर मी कुणाच्या मागं उभा राहू? कुलूप लावावं आणि किल्ली पंचगंगेत टाकावी.

६ डिसेंबर, शुक्रवार

वहिनी म्हणाल्या, "उद्या त्यास्नी शेड दावूया. मॅडम म्हणल्यात न्हवं, आवडीचं दावा म्हणून."

कुठल्या तोंडानं दाखवू? म्हणालो, मागच्या भिंतीवर ताडपत्री लावतो, धूळ फार आहे. वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांची वाचा गेलीया. डोळं न्हाईत गेलेलं."

७ डिसेंबर, शनिवार

वहिनी, स्नेहल आणि मी, तिघांनी दादाला चाकाच्या खुर्चीतनं आत नेलं. छप्पर बघितलं. प्लॅनरवरनं डावा हात फिरवला. मग मागं बघितलं, आणि बघतच राहिला. तोंड लालबुंद, मान थरथरायला लागली. वहिनी पाणी आणायला धावल्या. मी त्याच्या पायाशी बसलो. डावा हात उचलून त्यानं भिंतीकडं बोट केलं. ओठ हलले, पुन्हा हलले.

"र... रता... रताळ्या!"

वहिनींच्या हातनं तांब्या पडला. मी त्याच्या गुडघ्यात डोकं घालून रडलो. गुंडूला हाक मारून घण मागवला तो स्नेहलनं.